माळ जमिनीला टेकली पाहिजे

१

पेटी उघडली, तर आत माळ नव्हती.

लाल कापड होतं. झुरळं येऊ नयेत म्हणून टाकलेल्या वाळक्या मिरच्या होत्या. तरीही आलेली दोन झुरळं होती. माळ तेवढी नव्हती. चॅपेलमध्ये चाळीसेक माणसं उभी होती, आणि त्या सगळ्यांनी पेटीकडे बघायचं सोडून माझ्या आईकडे बघितलं.

"सेन्या," गावचे प्रमुख कापितान रुफिनो म्हणाले, "काल माळ शेवटी कोणाच्या गळ्यात होती?"

"माझ्या," आई म्हणाली. मी तिला नानाय म्हणते.

"मग?"

"मग काय? काढली, कापडात गुंडाळली, पेटीत ठेवली. कुलूप सरांनी लावलं."

क्लेतो सर पांढरेफटक पडले होते. "हो, ठेवताना बघितलं मी. पण कापड उघडून नाही बघितलं, कापितान. सरळ कुलूप लावलं."

मागून कोणीतरी म्हणालं, "आतींच्या हातात सोनं द्या आणि मग पेटीला कुलूप लावा!" खसखस पिकली.

माझं नाव गेरालिन. गेरा म्हणतात. दहावीत आहे, आमच्या आती वस्तीतून दहावीपर्यंत पोचलेली मी तिसरी. मागच्या वर्षापर्यंत असं हसणं ऐकलं की मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरायचे. या वर्षी नाही. या वर्षी मी वळले आणि हसणाऱ्यांचे चेहरे एकेक करून नीट बघून घेतले. लाकडाच्या मोळीसारखे मनात बांधून ठेवले.

आमच्या लिनाबोन गावात दर एप्रिलला होड्यांचा दिवस असतो. बिसाया लोकांचे पूर्वज समुद्रावरून होड्या हाकत आले, इथे आधीपासून राहणाऱ्या आतींकडून त्यांनी किनारा मागून घेतला, बदल्यात आती राजाला सोन्याची टोपी दिली आणि राणीला सोन्याची माळ. राणी हटून बसली होती. माळ माझ्या गळ्यातून जमिनीला टेकली पाहिजे, नाहीतर व्यवहार नाही! माळ टेकली. आती डोंगरात निघून गेले. हे खरंच असं घडलं का, यावर शहाणी माणसं भांडतात. आमच्याकडे ते दर वर्षी दुपारी तीन वाजता घडतं.

गंमत म्हणजे आती आम्ही, आणि आतींचं काम करणार बिसाया. जळक्या करवंटीची काजळी खोबरेल तेलात कालवायची, अंगभर फासायची, की झाला आती! आम्ही दोरीपलीकडून बघायचं आणि पंगतीत उरलं तर जेवायचं. क्लेतो सर या खेळाचे दिग्दर्शक आणि माझे वर्गशिक्षक. खरे आती घ्या म्हणून ते दोन वर्षं समितीशी भांडले. शेवटी समितीनं अर्धीच मान हलवली. राजा काजळीचाच राहिला, राणी मात्र खरी आली. माझी आई. आणि मी निवेदक. "तुझा आवाज दोरीच्या आत आला पाहिजे, गेरा," असं सर म्हणाले होते. त्यांच्यासाठी मी आगीत उडी मारली असती.

"तीन वाजता होड्या लागतील," कापितान म्हणाले. "त्याच्या आत माळ आली नाही, तर सेन्या पोलिसांच्या जीपमध्ये बसेल. आणि आती माणूस या खेळात पुन्हा दिसणार नाही. मी कापितान असेपर्यंत तरी नाही."

तेवढ्यात दारातून आवाज आला. "टोपल्या बघा की आधी त्यांच्या!"

२

दारात मॅडम क्रिसांता उभी होती. कापितानची बायको. बारा वर्षं राणीचं काम तिचंच होतं. गावातली सगळ्यात उंच बाई, आणि हे ती कोणाला विसरू देत नाही. कपाळापासून पायाच्या नखांपर्यंत काळी कुळकुळीत, तेलानं चकाकत, गळ्यात लाल बियांच्या सरी घालून ती उभी होती.

आमच्या टोपल्या आम्ही सहा वाजता चॅपेलच्या ओसरीवर ठेवल्या होत्या. मानोंग बेर्तो त्या उपसायला धावला. हा खेळातला राजा, सगळ्यांचा मानोंग, म्हणजे दादा. बावीस वर्षं तोच करतो. तो काजळी लावणं अर्धवट टाकून आला होता. एक हात काळा, दुसरा गव्हाळ. त्यानं त्या गव्हाळ हातानं आमची टोपली उलटी केली. केळीच्या पानातली उकडलेली रताळी गडगडली, आणि त्यांच्या मागून खळ्ळकन माळ आली.

सगळे एकदम "आय्!" म्हणाले.

"आणि हे काय?" क्रिसांतानं केळीचं पान उचललं. पानावर एक काळा अंगठा स्पष्ट उठला होता. "काळ्या हाताचा ठसा. आता अजून काय पाहिजे?"

नानाय कापितानजवळ गेली, आणि त्यांच्या झेंड्यासारख्या पांढऱ्या सदऱ्यावर छातीवर तळहात दाबला. चांगला दाबला. मग उचलला.

सदरा पांढराच.

"माझा रंग उतरत नाही, मॅडम," ती म्हणाली. "माझ्या आईनं पक्का लावलाय."

आमची दोन-तीन माणसं हसली. कापितान मात्र भडकले. "ठसा कोणाचाही असेल! आज अर्धं गाव काळं फिरतंय. माळ तुझ्या टोपलीत होती. घाल गळ्यात. सगळ्यांसमोर. काही कमी-जास्त आहे का बघू."

आमच्याकडे माळेचे मणी मोजत नाहीत. गावातल्या प्रत्येक जुन्या घराचा त्यात एकेक तरी मणी आहे, मक्याच्या दाण्याएवढा, जुन्या सोन्याचा. आणि मोजले तर समुद्र एक परत मागतो म्हणतात. म्हणून पडताळा एकच. राणीनं ताठ उभं राहायचं आणि माळ जमिनीला टेकते का ते बघायचं.

नानाय ताठ उभी राहिली. मानोंग बेर्तो गुडघ्यावर बसून वाकला, गाल फरशीला लागेपर्यंत.

"टेकली," तो म्हणाला. "बरोब्बर टेकली. ना जास्त ना कमी."

"टेकली, टेकली," चॅपेलभर झालं. क्लेतो सरांनी सुस्कारा सोडला, इतका मोठा की मला ऐकू आला. "कापितान, माळ पुरी आहे. काहीच गेलं नाही. गैरसमज असेल. सेन्यालाच राणी राहू द्या. मी हात जोडतो."

"चोर राणी?" क्रिसांता म्हणाली.

"तसं नाही मॅडम, पण या वर्षी सेन्याच हवी. तुम्ही नको!"

"मी नको?" तिची काजळीतली नजर अशी चमकली की सर एक पाऊल मागे सरले.

कापितानांनी निकाल दिला. माळ ते स्वतःच्या खिशात ठेवणार, आणि रिवाजाप्रमाणे ती राणीच्या गळ्यात किनाऱ्यावरच पडणार. राणी क्रिसांता. नानायनं ओसरीवर बसून राहायचं. खेळ संपला की जीप येईल.

सगळे पांगले. मी पानावरच्या त्या अंगठ्याकडे बघत राहिले. आईनं माळ टोपलीत ठेवली नाही हे मला माहीतच होतं. पण 'मला माहीत आहे' हा काही पुरावा नाही, असं क्लेतो सरांनीच विज्ञानाच्या तासाला शिकवलं होतं.

३

मानोंग बेर्तो चॅपेलमागे दुसरा हात रंगवत होता.

"काय गं काळुबाई, भीक मागायला आलीस?"

"तेल कमी पडलं तर सांगा, मानोंग. आमच्याकडे पिढीजात आहे."

त्यानं फुसकन हसू दाबलं. मी दगडावर बसले. "किती वेळ लागतो हो फासायला?"

"का? तुला काय करायचंय?"

"निवेदनात सांगीन. 'आमचे राजे किती कष्ट घेतात' असं."

मग तो खुलला. "नुसतं फासलं की झालं असं वाटतं तुम्हाला. आधी तेल जिरवायचं. मग पहिला हात. तो सुकवायचा. मग दुसरा. आज साडेसहाला बसलो, आणि तुमच्या त्या बोंबाबोंबीपर्यंत एकच हात झाला होता. पुरतं अंग म्हणजे दीड तास. वर पाठीला दुसरं माणूस लागतं."

"आणि मॅडम क्रिसांताला?"

"तिला दोन बायका लागतात. अंग काय थोडं आहे?" तो थांबला. "पण ती यंदा खेळात नव्हतीच की."

"नव्हतीच," मी म्हटलं. "मांडवात बसणार होती. चंदेरी झगा शिवून आणला होता तिनं, कलिबो शहरातून. पंधरा दिवस सगळ्या गावाला दाखवत होती."

मानोंग बेर्तोचा हात हवेतच राहिला. काजळीचा एक थेंब त्याच्या मांडीवर पडला.

सात वाजता पेटी उघडली. सात वाजून पाच मिनिटांनी क्रिसांता नखशिखांत रंगलेली दारात उभी होती. म्हणजे ती निदान साडेपाचला बसली असणार, राणीची जागा रिकामी होणार हे कोणालाही कळायच्या आधी.

"चाव्या किती आहेत पेटीच्या?" मी विचारलं.

"दोन. एक सरांकडे. एक कापितानच्या घरी, देवाच्या फोटोमागे." आणि मग तो माझ्यावर खेकसला, "जा इथून! मी काही बोललो नाही. कळलं? मला या गावात राहायचंय."

"आम्हालाही," मी म्हणाले आणि पळाले.

झालं की! क्रिसांतानं घरातली चावी घेतली, पहाटे अंग रंगवून घेतलं, माळ काढली, आमच्या टोपलीत कोंबली, आणि ओल्या अंगठ्याचा ठसा सोडला. मला उड्या माराव्याशा वाटल्या. मी धावत ओसरीवर गेले आणि आईला सगळं एका दमात सांगितलं.

नानायनं ऐकून घेतलं. ती आपला डावा हात चोळत होती. मनगटाच्या वर, कातडीवर बारीक लाल टिपक्यांची रांग उठली होती.

"हे काय झालं?"

"कालचं. माळेचं. अर्धा तास हातावर घेऊन चालले ना मी."

"हातावर का?"

"विसरलीस? वाळूत घोळत होती म्हणून."

मी नाही विसरले. काल रंगीत तालमीत माळ आईच्या पायापाशी वाळूत लोळत होती. क्रिसांता मांडवातून ओरडली होती, "सेन्या, साखळी सांभाळ, कुत्रं सुटेल!" सगळा किनारा हसला होता. मग नानायनं खाली लोळणारी माळ गोळा करून हातावर घेतली होती.

काल ती दोन विती जास्त होती.

आणि आज बरोब्बर टेकली. ना जास्त ना कमी.

४

मी पायरीवर बसले.

माळ जमिनीला टेकते, हे गावातल्या प्रत्येकाला पाठ आहे. बारा वर्षं टेकत होती. आजही टेकली. म्हणून सगळे खूश. पण बारा वर्षं ती क्रिसांताच्या गळ्यातून टेकत होती! माझी आई तिच्या काखेत मावेल एवढी. माणूस बदललं आणि माप तेच मानलं. आईच्या गळ्यातून माळ बरोब्बर टेकत असेल, तर ती माळ पुरी नाही. तिच्यातले दोन विती सोन्याचे मणी गेलेत.

क्रिसांतानं घेतले? मी बोटं मोडत विचार करत होते. तिला तर स्वतः राणी व्हायचं होतं. माळ तोकडी केली असती तर दुपारी तिच्याच गळ्यात, भर गावासमोर, नडगीवर लोंबकळली असती. एवढी मूर्ख ती नाही. दुष्ट आहे, मूर्ख नाही. तिनं माळ उचलली तेव्हा तिला ती तोकडी आहे हे माहीतच नव्हतं.

म्हणजे चोर दुसराच. त्यानं काल संध्याकाळी मणी काढले, माळ पुन्हा बांधली आणि मुकाट पेटीत ठेवली. त्याला आज माझी आईच राणी हवी होती. तिच्याच गळ्यात माळ बरोबर टेकणार होती, आणि कोणाला काही कळणार नव्हतं. पण क्रिसांतानं मध्येच माळ पळवली आणि त्याचा डाव विस्कटला.

मला उत्तर ऐकायचं नव्हतं. तरी मी विचारलं. "नानाय, तुझी उंची कोणी मोजली होती का गं?"

"उंची नाही. पण सरांनी फीत लावली होती. गळ्यापासून पायापर्यंत. मागच्या महिन्यात. पोशाखासाठी म्हणाले."

"पोशाख कुठला?"

तिनं अंगावरच्या पातादयोंगकडे बघितलं. नळीसारखं विणलेलं कापड. आत शिरायचं, पीळ द्यायचा, कमरेला खोचायचं. लोलाचं, म्हणजे आजीचं, आईला होतं, आईचं मला होतं, आणि क्रिसांतालाही झालं असतं. पातादयोंगला कोणी कधी माप घेतलंय?

मला रडू येत होतं. खरं सांगते, आईला चोर म्हणाले तेव्हा नाही आलं, पण आता आलं.

मी सर कुठे आहेत ते बघायला किनाऱ्यावर गेले. ते होड्यांजवळ उभे होते. पट्ट्यानं खांद्याला भोंगा अडकवलेला, आणि तरी दोन्ही हात तोंडाशी धरून नरड्याच्या शिरा ताणून ओरडत होते. "दुसरी होडी मागे घ्या! मागे!" आवाज बसून चिरका झाला होता.

"सर, भोंगा घ्या ना."

"बॅटऱ्या संपल्यात."

"काल तर नव्या घातल्या. मीच आणल्या होत्या दुकानातून."

"बिघडलाय मग."

"द्या, मी बघते. निवेदन मला त्याच्यावरच करायचंय. तुम्ही कबूल केलं होतं."

मी हात पुढे केला. त्यांनी भोंगा छातीशी ओढून घेतला. भोंगा हलला, आणि आत काहीतरी सळसळलं, कोरड्या पावट्याच्या शेंगेसारखं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आधी नजर वळवली.

"गेरा," ते हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या आईला मी सोडवीन. कापितानशी बोलेन. तू फक्त गप्प राहा. आतापर्यंत तुझ्यासाठी मी काय काय केलंय, आठव."

"आठवतंय, सर," मी म्हटलं. "सगळं आठवतंय."

५

अडीच वाजता गाव किनाऱ्यावर जमलं. मांडवात समिती, वाळूत पंगतीची पानं, दहा होड्या पाण्यात डुलत. क्रिसांता उन्हात घामानं निथळत मध्ये उभी. काजळीचे ओघळ गळ्यावरून खाली आले होते. कापितान सरदाराच्या वेशात होते. त्यांनी खिशातून माळ काढली, तेव्हा मी दोरीखालून आत शिरले.

"थांबा!" मी ओरडले. भोंग्याशिवाय. माझा आवाज मलाच केवढा मोठा वाटला!

"हिला बाहेर काढा," क्रिसांता म्हणाली.

"काढा. पण आधी माळ घाला, मॅडम. रिवाजाप्रमाणे पडताळा घ्या. टेकली तर मी आईसोबत जीपमध्ये बसते."

कापितानांनी खांदे उडवले आणि माळ बायकोच्या गळ्यात घातली. ती ताठ उभी राहिली.

माळ तिच्या नडगीच्या मध्यावर लोंबत होती.

क्रिसांता किंचाळली, "मणी चोरले! सेन्यानं मणी चोरले!"

"सकाळी तुम्हीच सगळे म्हणालात, माळ पुरी आहे," मी म्हटलं. "मानोंग बेर्तो, गाल फरशीला लावून कोण म्हणालं बरोब्बर टेकली?"

"मी," बेर्तो पुटपुटला.

"आणि काल ती आईच्या पायात घोळत होती तेव्हा साखळी सांभाळ म्हणून कोण ओरडलं? अख्खा किनारा हसला होता. मी तेव्हा तोंडं बघून ठेवलीत, हवं तर नावं घेते."

कोणी नावं घ्यायला सांगितलं नाही. हळूहळू त्यांच्या डोक्यात उजेड पडत होता. मला तो पडताना दिसत होता.

"काल घोळणारी माळ आज बरोबर झाली. म्हणजे रात्रीतून माझी आई तरी वाढली, नाहीतर माळ तरी कापली. ज्यानं कापली त्यानं माझ्या आईच्या मापानं कापली. आईनं स्वतः चोरली असती तर एवढं माप कशाला घेतलं असतं? सगळीच नसती नेली? टोपलीत रताळ्यांखाली ठेवून तुमची वाट बघत बसली असती का?"

"मग टोपलीत कोणी ठेवली?" कापितान गुरगुरले.

"ते घरी विचारा. मॅडम, चंदेरी झगा सोडून तुम्ही सकाळी साडेपाचला काजळी फासायला का बसलात? राणीची जागा तर सात वाजता रिकामी झाली."

कापितानांनी मान वळवून बायकोकडे बघितलं. मांडवातल्या दोन बायका, तिला रंगवणाऱ्या, एकदम आपल्या चपलांकडे बघायला लागल्या.

"पण कापली तिनं नाही," मी म्हटलं. "आईची उंची ज्यानं फीत लावून घेतली, पातादयोंगसाठी माप घेतो म्हणाला, त्यानं कापली. ज्याच्याकडे दुसरी चावी होती. ज्याला काहीही करून आज बुटकी राणी हवी होती. सर, जरा भोंग्यावरून सांगा ना सगळ्यांना, होड्या कधी सोडायच्या ते."

क्लेतो सरांनी भोंगा पाठीमागे सरकवला.

"बोला की, सर," मानोंग बेर्तो म्हणाला. आणि सर वळून चालू लागले तेव्हा त्यानंच पट्टा धरून त्यांना मागे खेचलं. भोंग्याचं झाकण उघडलं. बॅटऱ्यांच्या जागेतून पिवळे मणी भुरभुर वाळूत सांडले.

बायका खाली बसून वेचायला लागल्या. सर माझ्याकडे बघून म्हणाले, "पुढच्या महिन्यात मी गाव सोडून गेलोच असतो. कोणाला कळलंही नसतं. तुझी आई राणी झाली असती, तू निवेदक. यात तुमचं काय गेलं असतं?"

मला खूप बोलायचं होतं. तोंडातून एवढंच आलं. "तुम्ही तिला उंचीसाठी निवडलंत."

कापितानांच्या दोन माणसांनी त्यांना चॅपेलच्या ओसरीवर नेलं. जिथे सकाळपासून आई बसली होती, तिथेच. जीप यायची होतीच.

६

तीन वाजले होते. होड्या थांबत नाहीत, भरती थांबत नाही.

"सेन्या, चल, उभी राहा," कापितान म्हणाले. माफी वगैरे काही नाही. "माळ तशीच घाल. तुझ्या गळ्यात टेकते. बाकीचे मणी नंतर ओवू."

नानाय आली. पोहे कांडायचं मोठं लाकडी उखळ पंगतीशेजारी पडलं होतं. तिनं ते ढकलत मधोमध आणलं, वाळूत पालथं घातलं, आणि त्यावर चढून उभी राहिली. कापितानला हात उंच करून माळ घालावी लागली. माळ खाली आली आणि जमिनीपासून वीतभर वर थांबली.

मी निवेदन सुरू केलं. ढोल वाजले, होड्या लागल्या, सरदार उतरले. कापितानांनी खेळातला प्रश्न विचारला, "राणी, माळ जमिनीला टेकली का?"

राणीला या खेळात एकच वाक्य आहे. बारा वर्षं क्रिसांता ते म्हणायची. टेकली.

"नाही टेकली," नानाय म्हणाली.

ढोल थांबले.

"सेन्या," कापितान दातांतून म्हणाले, "उतर खाली."

"टेकली नाही तर व्यवहार नाही. गोष्ट तुमचीच आहे, कापितान."

मांडवातून कोणी हसलं नाही. उलट मागून एक म्हातारी बिसाया बाई ओरडली, "खरंय! आमच्या घराचा मणी आहे त्यात. ओवा आधी!" मग दुसरी ओरडली. मग तर गलकाच झाला.

वाटीतले मणी आणि दोरा आला. "कोण ओवणार?" कापितानांनी विचारलं.

नानायनं बोट दाखवलं.

क्रिसांता वाळूत गुडघ्यांवर बसली. ओल्या काळ्या बोटांनी एकेक मणी ओवत राहिली. कोणी मोजले नाहीत. ओवून झाले तेव्हा ऊन कलंडलं होतं, पंगतीतला भात गार झाला होता, आणि एकही माणूस उठून गेला नव्हता. शेवटची गाठ बसली. माळ खाली सरकली. मानोंग बेर्तो राजाची टोपी काढून वाकला, गाल वाळूला लावला.

"आता बघ, सेन्या," तो म्हणाला.

तिनं सगळ्या किनाऱ्यावरून नजर फिरवली. उखळावरून तिला तो पहिल्यांदाच सगळा दिसत होता.

"टेकली," ती म्हणाली.

गोष्टीप्रमाणे यानंतर आती डोंगरात जातात. मी तसं वाचणारही होते. पण नानाय उखळावरून उतरली, माळ हातावर घेतली, सरळ पंगतीत पहिल्या पानावर जाऊन बसली आणि मला म्हणाली, "गेरा, बस. भात गार झालाय, पण भरपूर आहे."

मी कागदाची घडी केली आणि बसले. दोरीपलीकडची आमची माणसंही एकेक करून आत आली.

त्या माळेतले दोन विती मणी अजून काळपट आहेत. कापितानांनी ते घासून घ्या म्हणून सांगितलं होतं. नानाय म्हणाली, राहू द्या. या वेळी रंग नाही उतरला तर बरंच.